बंबामागची भिंत

 

घट बसायला आता फार दिवस राहिले नाहीत. घरोघरी गोधड्या ओढ्यावर निघाल्या असतील. डबे उन्हात, भांडी राखेत आणि आपण कंबरेला पदर खोचून माळ्यावर. आमच्या गटातही दरवर्षी हेच चालतं. पण सगळं घर धुऊन झालं तरी एक जागा हमखास सुटते, ती म्हणजे न्हाणीतली बंबामागची भिंत. सकाळी बंब तापलेला असतो म्हणून तिथं हात घालता येत नाही. दुपारी तो गार होतो, तेव्हा आपण रानात असतो. संध्याकाळी अंधारात ती भिंत दिसतच नाही. पाहुणे आले की आपण त्यांना आधीच म्हणतो, "तिकडं टेकू नका हं, काळं लागेल." वर्षानुवर्षं असंच चाललेलं असतं.

गेल्या वर्षी आमच्या अकराजणींच्या गटानं ठरवलं, की यंदा हे काम इर्जिकीनं करायचं. इर्जिक म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. एकीच्या घरी सगळ्यांनी जायचं, दुसऱ्या दिवशी दुसरीच्या. मजुरी नाही, फक्त चहा. चहाबरोबर काही केलं तर दंड, असं आमच्या अध्यक्ष वहिनींनी आधीच सांगून टाकलं; नाहीतर भिंत राहते बाजूला आणि भज्यांचा घाणा सुरू होतो. अकरा घरं करताना आम्ही जे शिकलो आणि एका घरी आमच्या हातून जी चूक झाली, ते आज सांगायचं आहे.

आधी बंब. भिंत घासण्याआधी तो हलवावाच लागतो. आदल्या रात्रीपासून विस्तव नको आणि पाणी तोटीनं पूर्ण काढलेलं हवं. मधल्या नळ्यातली राख, जाळीत अडकलेले कोळसे, सगळं काढायचं. वर वर गार दिसणाऱ्या राखेत विस्तव जिवंत असतो, म्हणून ती उकिरड्यावर टाकण्याआधी पाणी मारायचं. आमच्या एकीच्या उकिरड्यानं दुपारी धूर धरला होता आणि शेजारीच कडब्याची गंज होती.

तांब्याचा बंब बाहेरून चिंच आणि मिठानं लख्ख होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आत मात्र बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसतो. तो जाड झाला की पाणी तापायला जास्त लाकूड लागतं, कारण विस्तवाची धग त्या थरातून पाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. कोमट पाण्यात चिंच कोळून ते आत भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी काथ्यानं घासायचं. एकदा करून सगळं निघत नाही, दोन-तीनदा करावं लागतं. संडास धुवायचं ॲसिड मात्र त्यात ओतू नका. आमच्यातल्या एकीनं घाई केली. त्या वाफेनं तिचा घसा दोन दिवस धरला, आतली कल्हई गेली आणि तोटीजवळ बंब गळायला लागला. तिच्या सासूबाई अजून म्हणतात, "माझ्या लग्नातला बंब होता तो." पुण्याच्या तांबट आळीतून आणलेला, हातानं ठोकून घडवलेला. आता तसा मिळायचा कुठे? आणखी एक सांगायचं तर पाण्याशिवाय बंब कधी पेटवू नका. कोरडा तापला की कल्हई वितळते आणि सांधे सुटतात.

आता भिंत.

पहिल्या घरी आम्ही सरळ पाण्याची बादली मारली. काजळी विरघळून शाईसारखी खाली आली आणि जी भिंत अर्धी काळी होती ती पुरती काळी झाली. तेव्हा कळलं, की आधी कोरडं काम करायचं. नाका-तोंडाला फडकं बांधायचं आणि मऊ कुंच्यानं वरून खाली हलक्या हातानं काजळी झाडायची. खाली जुनी पोती ओली करून अंथरायची, म्हणजे पडलेली काजळी उडत नाही. सुटी काजळी निघाली की मगच कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून फडक्यानं पुसायचं. हे मात्र खालून वर पुसत जायचं. ऐकायला उलटं वाटतं. पण वरून सुरू केलं तर काळे ओघळ खालच्या कोरड्या भिंतीवर उतरतात आणि ते ओघळ मग काही केल्या जात नाहीत. शेवटी साध्या पाण्यानं दोनदा धुवायचं. सोडा भिंतीत राहिला तर वरचा रंग धरत नाही.

हे झालं सिमेंटच्या गिलाव्याचं. भिंत मातीची असेल तर पाणी दाखवूच नका. काळा झालेला थर खुरप्यानं खरवडायचा आणि भुसा घालून मळलेल्या मातीचा नवा हात फिरवायचा. आमच्या थोरल्या आक्का यात तरबेज. सिमेंटवाल्या घरच्या सुना त्यांच्याकडे बघत राहिल्या. सोडा नाही, ब्रश नाही आणि तासाभरात भिंत नवी.

दुसऱ्या घरी वेगळंच झालं. धुतली, वाळवली, चुन्याचे दोन हात दिले. संध्याकाळी भिंत दुधासारखी पांढरी दिसत होती. सकाळी बघतो तर तिच्यावर चहा सांडल्यासारखे पिवळे-तपकिरी डाग! तिसरा हात दिला, तरी डाग पुन्हा वर. गावात रंगकाम करणारे एक म्हातारे काका आहेत, त्यांना बोलावलं. ते हसायलाच लागले. म्हणाले, "पोरींनो, धुरात नुसती काजळी नसते, चिकटाही असतो. तो भिंतीत मुरलाय. वरून ओलं लावलं की तो विरघळून वर येणारच." त्यांच्या सांगण्यावरून ती भिंत सोड्यानं आणखी दोनदा धुतली आणि चार दिवस पूर्ण वाळू दिली. तरी जिथं डाग येत राहिले तिथला गिलाव्याचा वरचा पापुद्रा काढून नवा पातळ हात दिला. तेव्हा कुठं डाग थांबले.

बाकीच्या घरी आम्ही शहाण्या झालो. आपल्या जुन्या घरांना खाली काव लावायची पद्धत होती, आठवते का? तांबडा पट्टा. आम्हाला वाटायचं, ती नुसती शोभा. आता वाटतं, त्या बायकांना धूर आणि चिखल दोन्ही ठाऊक होते. आम्ही बंबामागे छातीइतक्या उंचीपर्यंत काव घातलेला चुना लावला आणि वर पांढरा. डाग आले तरी काव ते पोटात घेते. आणि काव चुन्यात टिकते. रांगोळीचे रंग चुन्यात घालून बघितले, तर गुलाबी महिनाभरात उडून गेला. तेव्हा हौस असेल तरी तो खर्च करू नका.

चुना का, ऑइलपेंट का नाही, असं बऱ्याचजणी विचारतात. ऑइलपेंट चकचकीत दिसतो आणि पुसता येतो, हे खरं. पण न्हाणीची भिंत सारखी ओल धरते. आतली ओल बाहेर यायला वाट लागते. वरून तेलकट थर दिला की ओल आत कोंडते, त्यात बंबाची धग लागली की फोड येतात आणि वर्षाच्या आत पोपडे. चुन्यातून ओल निघून जाते. शिवाय खर्च बघा. एका घराच्या ऑइलपेंटला जे पैसे गेले असते, त्यात आमच्या तीन घरांचा चुना झाला. मात्र आधीच ऑइलपेंट असलेल्या भिंतीवर चुना धरत नाही, तो आधी काढावा लागतो.

आणि तो काढताना जपायचं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. शिसं पोटात गेलं तर लहान लेकरांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, गरोदर बाईलाही ते घातक. सरकारनं २०१६ साली नियम केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसं दहा लाख भागात ९० भागांच्या वर चालत नाही. पण आपल्या भिंतीवरचा रंग त्याआधीचा असला तर? एका घरी तीन वर्षांचा नातू गळालेले पोपडे बिस्किटासारखे चघळत बसला होता. त्याच्या आजीला वाटत होतं, माती खातोय, खाईना. त्या दिवशी पोराला आणि त्याच्या गरोदर आईला शेजारी पाठवलं, भिंत ओली ठेवून खरवडलं, सगळे पोपडे ओल्या फडक्यानं गोळा करून पिशवीत बांधले. कोरडं घासायचं नाही आणि जाळायचं तर मुळीच नाही. पोराला नंतर डॉक्टरांना दाखवून आणायला सांगितलं. आणलं त्यांनी.

चुना भिजवायचं काम आम्ही नेहमी दोघीच करायचो, बाकीच्यांना लांब उभं करून. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो, अक्षरशः खदखदतो. म्हणून लोखंडी पिंपात आधी पाणी घ्यायचं आणि त्यात कळी थोडी थोडी सोडायची. कळीवर पाणी ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. प्लास्टिकची बादली मऊ पडते, जर्मनच्या भांड्याला चुना खातो, तेव्हा ती दोन्ही नकोत. साधारण एक किलोला पाच लिटर पाणी. ढवळून एक दिवस-रात्र तसंच झाकून ठेवायचं, पोरं आणि कोंबड्या तिकडं फिरकणार नाहीत असं. दुसऱ्या दिवशी जाडसर फडक्यानं गाळायचं, गरम पाण्यात विरघळवलेला डिंक घालायचा आणि पांढऱ्याला चिमूटभर नीळ.

भिंत आधी पाण्यानं ओलसर करायची आणि चुना ताकासारखा पातळ लावायचा. लावताना तो पाण्यासारखाच दिसतो, भिंत झाकत नाही. मग आपण घाबरून जाड थापतो आणि तो जाड थर वाळला की हाताला पीठ लागतं. धीर धरायचा. वाळताना चुना हवेतला वायू ओढून घेतो आणि पुन्हा दगडासारखा होतो, पांढरेपणा तेव्हा येतो. म्हणून पातळ तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. कुंचा आम्ही घायपाताच्या वाखाचा बांधला होता, बाजारातल्या ब्रशपेक्षा तो चुना जास्त धरतो.

डोळे मात्र सांभाळा. वरचा भाग लावताना थेंब सरळ डोळ्यात येतात. आम्ही घरातल्या पुरुषांचे उन्हाचे गॉगल मागून घेतले. अकराजणी काळे गॉगल घालून न्हाणीत शिरलेल्या बघून गल्लीतली पोरं आठ दिवस हसत होती, हसू देत. तरी एकीच्या डोळ्यात थेंब गेलाच. तिच्या जाऊबाई तूप घेऊन धावल्या. तूप नको, दूध नको, तेल नको. लगेच स्वच्छ पाण्याची धार, पापणी बोटानं उघडी धरून, चांगली वीस मिनिटं. आणि मग थांबायचं नाही, थेट दवाखाना. चुना डोळ्यात आत आत भाजत जातो. तिचा डोळा वाचला. त्या दिवशीचं इर्जिक तिथंच थांबवलं आणि सगळ्याजणी तिच्याबरोबर टमटममध्ये बसून गेलो.

आता आमच्या चुकीचं सांगतो.

नवव्या घरची न्हाणी छोटी आणि बंब आतच. वर एक झरोका. भिंत आम्ही फार मन लावून केली होती, काव आणि पांढऱ्याच्या मध्ये एक बारीक रेघसुद्धा ओढली होती. आठवड्यानं त्या मावशी म्हणाल्या, "झरोक्यातून वारं येतं आणि धूर उलटा फिरून भिंतीवर बसतो. परत काळं व्हायला लागलंय." आम्ही जाऊन बघितलं. खरंच काळं होत होतं. आणि आमच्यातल्याच कुणीतरी म्हटलं, "मग झरोका बंद करा की." कुणी म्हटलं ते महत्त्वाचं नाही, कारण बाकीच्या दहाजणींनी माना डोलावल्या. पोत्याचा बोळा आम्हीच करून दिला.

मार्गशीर्षात त्यांची लेक बाळंत होऊन माहेरी आली होती. थंडी कडक. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून दारही घट्ट लावलेलं. बंबातला जाळ विझला होता, नुसते लालबुंद निखारे होते. धूर नाही, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. पाणी घालणारी आजी आत, लेक आत. आजी म्हणाली, डोकं दुखतंय. थोड्या वेळानं लेकीचा आवाज येईना. मावशींनी दार ढकललं तर लेक भिंतीला टेकून बसल्या जागी कलंडलेली आणि आजी ओकत होती. नशीब, बाळाची अंघोळ आधी उरकली होती, ते पाळण्यात होतं.

शेजाऱ्यांनी दोघींना ओढून अंगणात आणलं, १०८ ला फोन केला. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. दोन दिवसांनी दोघी घरी आल्या. डॉक्टरांनी सांगितलं ते असं : कोंडलेल्या जागेत लाकूड-कोळसा जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आपलं रक्त प्राणवायू सोडून त्यालाच धरून बसतं. धूर असला तर माणूस खोकत बाहेर तरी पळतो. निखाऱ्यांचं काही कळतच नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं, झोप आल्यासारखं वाटणं, एवढंच होतं आणि माणूस उठू शकत नाही. बाळंतिणीच्या खाटेखालच्या शेगडीचंही तेच. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचंही तेच.

आम्ही त्या मावशींच्या घरी गेलो तेव्हा काय बोलावं कळेना. त्या काही म्हणाल्या नाहीत. चहा केला. आमच्यातल्या एकीनं न्हाणीत जाऊन तो बोळा काढला आणि आम्ही सगळ्या त्या झरोक्याकडे बघत राहिलो. एवढासा, वीतभर.

त्यानंतरच्या गटाच्या बैठकीत हप्त्यांचा विषय नंतर घेतला, आधी हा. अकराही घरं पुन्हा फिरलो. सात घरी बंब न्हाणीतच होता. तिथल्या सासवांशी बोलणं सोपं नव्हतं. "आमच्या चार बाळंतपणं अशाच न्हाणीत झाली, आम्हाला काय झालं?" या प्रश्नाला आमच्याकडे एका वाक्याचं उत्तर नव्हतं. आम्ही सांगितलं, की तेव्हा न्हाणीला कुडाची भिंत होती, वर कौलं होती आणि फटीफटीतून हवा खेळत होती. आता स्लॅब आहे, पत्र्याचं घट्ट दार आहे. वारं लागू नये म्हणून पडदा लावू, पाणी जास्त तापवू, अंघोळ झटपट उरकू, पण विस्तव बाहेर. थोरल्या आक्का मध्ये पडल्या म्हणून बरं. त्या म्हणाल्या, "वारं लागलं तर शेक देता येतो. जीव गेला तर काय देणार?" पाच घरचे बंब पडवीत आले. दोन घरी जागाच नाही, तिथं न्हाणीच्या भिंतीला वर आणि खाली अशी दोन भोकं पाडली, पाणी बादलीत काढून विस्तव पूर्ण विझवल्याशिवाय अंघोळीला जायचं नाही असं ठरलं. हे दुसरं काही आम्हाला पुरतं पटलेलं नाही. त्या दोघींसाठी गटातून कर्ज काढून बाहेर आडोसा करायचा विचार चालू आहे.

आणि भिंतीचं? बंब बाहेर आला तरी मागची भिंत काळी होतेच. त्यावर उपाय साधा निघाला. बंब भिंतीपासून दीड वीत पुढे ठेवायचा आणि मध्ये जुना पत्रा उभा करायचा, भिंतीला न चिकटवता, दोन बोटं अंतर सोडून. काजळी पत्र्यावर बसते, भिंत तापतही नाही. आठवड्यातून एकदा पत्रा उचलायचा, राखेनं घासायचा आणि परत ठेवायचा. तेलाच्या डब्याचा कापलेला पत्राही चालतो.

यंदा आमचं इर्जिक परवापासून सुरू होतंय. पहिलं घर त्या मावशींचंच आहे. त्यांची लेक बाळाला घेऊन येणार आहे, ते आता रांगतंय, तेव्हा चुन्याचं पिंप कुठं ठेवायचं हे आम्ही आधीच जाऊन बघून आलो. कळी सोमवारच्या बाजारातून आणायची आहे, गॉगल अजून तीन कमी पडतायत.